मगरीच्या नदीपलीकडे

खालापूर, २० एप्रिल २०२५

चि. कपिल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

माथेरानचा सीझन सुरू झाला की तुझ्या हॉटेलात फोनला हात लावला तरी मॅनेजर डोळे वटारतो, म्हणून हे पत्र. तू वर गार वाऱ्यात आणि आम्ही खाली भाजून निघतोय. तेव्हा उत्तर लवकर दे, एवढं तर तू आमचं देणं लागतोसच.

काळजी बाबांची आहे. त्यांच्या बेंजो पार्टीत कुरबुर चाललीय. ताशावाला गजा आणि इतर पोरांना बाबांच्या जागी कीबोर्डवाला हवाय. म्हाताऱ्याची बोटं आखडली, हळदीत लोक नाचत नाहीत, असं ते पोपटकाकांच्या तोंडावर बोलले. पोपटकाका ढोल वाजवतात म्हणून काय झालं, बाबांचे ते भाऊच. त्यांनी येऊन सगळं सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले की खालापूरची स्पर्धा होऊ दे, तिथं हरलो तर बेंजो खाली ठेवतो. ते बोलले म्हणजे ठेवणार, हे तुला माहीत आहे.

स्पर्धा बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी, माझ्या सासरच्या घरासमोरच्याच मैदानात आहे. दुसऱ्या फेरीत सिनेमातलं गाणं चालणार नाही असा नियम आहे. बाबांनी काय निवडलं असेल? आपल्या लहानपणचा टीव्ही गेम आठव. पिवळी कॅसेट, वेलींवरून उड्या मारणारं माकड. त्याचं संगीत! आपण सुट्टीभर खेळायचो आणि पलीकडच्या खोलीत त्यांचा सराव चालायचा. तेव्हा ‘बंद करा ती टुणटुण’ म्हणून ओरडणारा माणूस आज तीच टुणटुण वाजवतोय. ऐकून मला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी.

माया आहेच, ती उत्तर देऊन वाढव.
तुझी ताई, दर्शना


माथेरान, २५ एप्रिल २०२५

ती. ताईस,
कपिलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

बाबांचं वाजवणं तू फोनवर पाठवलंस ते भांडारघरात लपून ऐकलं. ताई, घोटाळा आहे. चाल सुरू होते, रंगात येते आणि मध्येच घसरत खाली ‘टुं टुं टुंऽ’ करून पुन्हा पहिल्यापासून. ते ‘टुं टुं टुंऽ’ चालीतलं नाही गं, माकड मेल्याचं आहे. आपण दोघं दर वेळी मगरीच्या नदीत पडायचो. बाबांनी भिंतीआडून तेवढंच ऐकलं आणि त्यांना वाटलं, चाल अशीच आहे. नदीपलीकडे ती किती सुंदर चढते हे त्यांच्या कानावर कधी पडलंच नाही. त्याला आपण जबाबदार, त्यातही तू जास्त, कारण रिमोट तूच सोडायची नाहीस.

निवड मात्र झकास आहे. परवा एका टक्कल पडलेल्या पाहुण्याच्या फोनची रिंग हीच होती. ती वाजली आणि जेवणघरात चार टेबलांवरच्या माना वळल्या. त्या जुन्या यंत्रातून एका वेळी दोन-तीनच सूर निघायचे, म्हणून चालच अशी बांधावी लागायची की एकदा ऐकली की डोक्यातून जाऊ नये. बेंजोला अशीच चाल शोभते.

पूर्ण चाल तुला पाठवलीय. बाबांना ती बसवायला लाव. भर मैदानात लोक त्यांना हसले तर मला इथं घास गिळणार नाही. रजा मिळत नाही, याचंच वाईट वाटतं.

राग धरू नकोस, कैरीचं लोणचं धाड.
तुझा कपिल


दहिवली, ३ मे २०२५

चि. कपिल,
बाबाचे आशीर्वाद, जयभीम.

तुझी चाल पोचली. दर्शना खालापूरहून येते, फोन घेऊन समोर बसते आणि मास्तरणीसारखी चुका काढते. मी दहा गावच्या हळदी नाचवल्या रं, आता माकडापायी शाळा सुरू झाली. पुढचा भाग चांगला हाय, खोटं नाय बोलत. पण डोकं पुढं जातं आणि बोटं जुन्या जागी घसरतात. इतकी वर्षं तुमी तिथंच मेलात, त्याला मी काय करू? पोपट म्हणतो, होईल. गजा नुसता बघतो.

मला भीती वाटते, हे ताईला कळवू नको. जेवत जा.

तुझा बाबा, चंदर


खालापूर, १३ मे २०२५

चि. कपिल यास,
अनेक अनेक आशीर्वाद. जयभीम. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

पहिली फेरी बेतास बात झाली. दुसरीत बाबांनी तुझी चाल धरली. ती सुरू होताच मैदानातली चाळिशीतली माणसं उठून पुढं आली. मग नदी आली आणि बाबांची बोटं घसरली. टुं टुं टुंऽ. पोपटकाकांचा ढोल थांबला. बाबांचा चेहरा असा उतरला की मी मान खाली घातली.

तेवढ्यात मागून एक जण कळवळून ओरडला, मेला रं मेला! आणि सगळं मैदान हसलं. पण कपिल, ते बाबांना हसणं नव्हतं. शेजारचा रिक्षावाला छातीवर हात ठेवून बायकोला सांगत होता की आमीपण तिथंच मरायचो. सगळेच तिथं मेलेले होते रे. आपल्याला वाटायचं, आपणच तेवढे ढ.

बाबांनी मान वर केली, लोकांकडं पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. नदीपाशी आल्यावर हात वर उचलून थांबले. मग मुद्दाम, सावकाश, टुं टुं टुंऽ. लोकांनी डोक्याला हात लावले, तिकडून एक आजी म्हणाली, अरे देवा, जाऊ दे की त्या माकडाला.

तिसऱ्यांदा गजानं पोपटकाकांच्या शेजारी येऊन ताशा धरला. नदी आली, आणि बाबा पार गेले. चाल वर चढली तशी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मी तर किंचाळले, तुझे दाजी अजून चिडवतात.

पहिली ढाल आपली. आज सकाळपर्यंत तीन हळदींच्या सुपाऱ्या आल्या, तिघांनाही माकडच हवंय. बाबांचा बेंजो टेंपोत गजानं नेऊन ठेवला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. कीबोर्डचं नाव कोणी काढलं नाही.

खूप लोभ आहे, आज जरा जास्तच.
तुझी ताई


दहिवली, १५ मे २०२५

चि. कपिल,
आशीर्वाद, जयभीम.

ढाल टीव्हीवर ठेवलीय. बेंजो खुंटीला हाय, रोज खाली उतरतो.

एक काम कर. सीझन सरला की घरी ये. तो जुना गेम पेटीत हाय, तुझ्या आईनं कापडात गुंडाळून ठेवला होता, ती गेल्यापासून कोणी सोडला नाय. दर्शनालापण बोलावलंय. मी नदी वाजवून ओलांडली, पण पलीकडं काय हाय ते अजून बघितलं नाय. तुमी दोघं खेळा. मी या वेळी पलीकडच्या खोलीत नाय बसणार.

वाट बघतो.
तुझा बाबा