सलाईनचा हात

४ फेब्रुवारी

"सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढाल, तर पेशंटचं नाही, बाटलीचं रक्त मिळेल, पोरींनो!" — मी नर्सिंग शिकत होते तेव्हाच्या मेट्रनबाईंचं वाक्य. आम्ही तोंडावर हात धरून हसलो होतो. आज ते का आठवावं?

ताई माझ्याच वॉर्डात आहे. मधुमेह, त्यात उलट्या. पोटात काही ठरेना म्हणून डाव्या हाताला ग्लुकोज लावलेलं. सकाळी रक्त तपासायला पाठवलं — साखर भलतीच वाढलेली आली. डॉक्टरांनी इन्सुलिन दिलं. दुपारी ताई घामाने चिंब. हाकेला ओ नाही. उजव्या हाताचं बोट टोचून पाहिलं, तर साखर जवळजवळ नाहीच! घाईघाईने शिरेतून दाट ग्लुकोज दिलं. साखर वर आली. ताई शुद्धीवर नाही आली.

५ फेब्रुवारी

अंग पुसताना दिसलं. डाव्या कोपराच्या खळीत, सलाईनच्या सुईच्या वरच्या बाजूला, कापसाचा बोळा. म्हणजे सकाळचं रक्त याच हातातून काढलं होतं. चिकटपट्टीचं एक टोक दुमडलेलं — काढताना ओढ बसू नये म्हणून. अशी पट्टी वॉर्डात एकच मुलगी लावते.

ताईची मुलगी. आमची बबडी.

मी पट्टी काढली आणि खिशात ठेवली. का ठेवली?

६ फेब्रुवारी

शुद्ध नाही. डॉक्टर म्हणाले, "वय आहे, आजार आहे, होतं असं." मी मान डोलावली!

८ फेब्रुवारी

विचारलं शेवटी. औषधांच्या खोलीत, दार लोटून.

"उजवा हात काळानिळा झाला होता गं मावशी. आईने आधी चेष्टा केली — टोचतेस की भरतकाम करतेस? मग हळूच म्हणाली, बबडे, तो हात नको, फार दुखतो. म्हणून डाव्यातून घेतलं. सलाईन बंद केली होती ना मी! जराशी..."

जराशी. माझ्या तोंडाकडे पाहूनच तिला कळलं — ती वाढलेली साखर आईची नव्हती, बाटलीतली होती.

आईला दुखू नये म्हणून, एवढ्याचसाठी. असल्या चुकीवर रागावायचं तरी कसं?

कुणी विचारलेलं नाही. मी गप्प बसले तर कधी कळणारही नाही. पण उद्या दुसरी कुणीतरी अशीच मायेने सोपा हात धरेल.

९ फेब्रुवारी

सकाळी मोठ्या डॉक्टरांकडे सांगायला गेले. बबडी आधीच तिथून बाहेर पडत होती. सगळं सांगून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्यावर कशाला ओझं, मावशी?"

जिन्यात बसून रडले.

१२ फेब्रुवारी

ताई गेली.

१९ फेब्रुवारी

बबडीने युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून माझ्या टेबलावर आणून ठेवला. "आता सुई हातात धरवत नाही," म्हणाली.

सोमवारी नव्या मुली येताहेत. रक्त काढायला शिकवायचं आहे. मेट्रनबाईंचं ते वाक्य मी सांगितलं तर त्याही हसतील, आम्ही हसलो तशाच. बबडीने सांगितलं तर कुणी हसणार नाही.

उद्या तिच्याकडे जाऊन विचारणार आहे — एकदाच ये, त्यांच्यापुढे उभी राहा, कोणता हात धरायचा तेवढं तू सांग.

नाही म्हणेल. दारही उघडणार नाही कदाचित.