अटी मागच्या बाजूला

१९ मे, सोमवार

गेला! कॉम्प्युटर गेला. काल वीज दोनदा आली-गेली, आणि आज बटण दाबलं तर नुसता जळका वास. मॉनिटरलाही सोबत घेऊन गेला. रवीनं घेतलेला. रवी जाऊन पाच वर्षं झाली, यानं तेवढी साथ तरी दिली.

कोर्टाला सुट्टी आहे हे एक बरं. ९ जूनला उघडेल. तोवर दुसरं मशीन नाही आलं तर कोर्टाबाहेरचं माझं टायपिंगचं टेबल दुसरीला जाणार — टपूनच बसल्यात. आणि टेबल गेलं की रवीचे मोठे भाऊ सटाण्याहून येणार. "बस झालं नाशिक. गावी चला." दिशाची आठवी, शाळा, सगळं गुंडाळून!

२० मे

निकम वकिलांचा फोन. सुट्टीच्या आधी केलेल्या प्रतिज्ञापत्रात गट नंबर ६९ चा मी ९६ केला. "हर्षालीताई, तुमच्याकडून? सोळा वर्षांत कधी नाही." मशीन बिघडलंय, असं मी सांगून टाकलं. मशीन तेव्हा ठणठणीत होतं.

खरं काय ते या वहीलाच माहीत. सरळ बघितलं की मधोमध डाग. ज्या अक्षराकडे बघावं तेच गायब, आजूबाजूची दिसतात. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार, चष्म्यानं भागणार नाही, किती दिवस ते सांगता येत नाही. म्हणून तर स्केचपेननं लिहिते, पानाला सहा ओळी. वही उघडी राहिली तरी भीती नाही. सासूबाईंना अक्षरओळख नाही, आणि दिशाला माझं अक्षर लागत नाही.

२३ मे

एम. जी. रोड. संघर्षचं दुकान. कंपन्यांमधले जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकतो, पण सेकंडहँड म्हटलं की चिडतो. "रिफर्बिश्ड म्हणा, मॅडम! सगळं तपासून देतो. वर एक वर्ष वॉरंटी." चोवीस इंची स्क्रीनचा सेट लावून दाखवला. अक्षर केवढं मोठं केलं त्यानं — माझं नाव दिसलं! तिन्ही अक्षरं. तिथंच रडायची बाकी राहिले.

मग वॉरंटीचं कार्ड हातात दिलं. शेकडो हमीपत्रं टाईप केलेली बाई मी! कार्ड तिरकं धरलं, भुवया चढवल्या, थोडं पुटपुटलेसुद्धा. म्हटलं, "वाचलं. ठीक आहे."

"मॅडम, अटी मागच्या बाजूला आहेत."

पुढच्या बाजूला दुकानाची जाहिरात होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "घरी निवांत वाचते" म्हणून कार्ड पर्समध्ये कोंबलं आणि निघाले. पंचवटी कारंजा येईपर्यंत कान तापलेले होते.

२४ मे

अटी दिशाकडून वाचून घेतल्या. "चष्मा सापडत नाही गं" — हे कारण अजून किती दिवस पुरणार? माऊसला वॉरंटी नाही. सील उघडलं तर नाही. वीज कमीजास्त झाली तर नाही. स्क्रीनवरचे डाग, रेषा, अंधूकपणा — नाही. मग उरलं काय!

सासूबाईंचं एक वेगळंच. पायरीला चुना ओढतात हे जुनंच, आता साखरेच्या डब्याला रबर बांधलंय आणि मिठाच्याला सुतळी. दिशानं चपला वाटेत टाकल्या तर केवढ्या कडाडल्या! घरात राहतो की पलटणीत? मीही दोन शब्द बोलले. नको होतं बोलायला.

२७ मे

शेवटी सावळीराम सरांकडे गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेला पत्ता चार महिने पर्समध्ये पडून होता. सरांना जन्मापासून दिसत नाही, आणि माझ्यासारख्यांना ते कॉम्प्युटर शिकवतात. कॉम्प्युटर वाचून दाखवतो, ते ऐकतात आणि टाईप करतात. आवाज इतका भरभर की मला एक शब्द कळेना. सर हसले.

"बोटांना कीबोर्ड पाठ आहे ना, ताई? मग निम्मं काम झालंय. पण मोठ्या स्क्रीनवर पैसे घालू नका. डोळ्यांना थोडं जरी मिळत राहिलं तर कान शिकत नाहीत."

राग आला. यांना काय जातंय बोलायला, यांचं कधी काही गेलंच नाही! असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. राग मात्र गेला नाही.

३० मे

जेवण जात नाही. मोठा सेट घेतला तर वर्षभर तरी दिसेल. कदाचित. पण मग सरांच्या शिकवणीला पैसे उरत नाहीत. आणि वर्षानं काय? तेव्हा वॉरंटी संपलेली, डोळे संपलेले, आणि कानांना काही येत नाही. सरांचं ऐकलं तर आजच सगळं सोडून दिल्यासारखं. अजून दिसतंय ना मला! थोडं तरी!

कुणीतरी एकदा नक्की दिवस सांगा हो. कोर्टातसुद्धा तारीख मिळते.

२ जून

मोठ्या दिरांचा फोन, सासूबाईंना. मशीन घेतलं का म्हणून. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घेईल ना. तुला रे कशाची घाई?"

४ जून

संघर्षला विचारलं, "स्क्रीन गेलेला एखादा लॅपटॉप आहे का?"

त्याला थट्टा वाटली. "मॅडम, लोक आधी स्क्रीनच बघतात!" मग "थांबा हं, मॅडम" म्हणाला. त्या दिवशीचं कार्ड आठवलं असणार. आतून एक लॅपटॉप काढला. स्क्रीन काळी ठिक्कर, बाकी सगळं चालू. बोलणारं सॉफ्टवेअर त्यात टाकून दिलं, ते फुकट असतं म्हणाला. स्क्रीन सोडून सगळ्याला एक वर्ष वॉरंटी.

"या वेळी अटी मी वाचतो," म्हणाला, आणि शेवटपर्यंत वाचल्या. सावकाश. मी हो हो म्हणत राहिले.

रिक्षात लॅपटॉप मांडीवर घेऊन रडत आले. शेजारची बाई विचारत होती, कोण गेलं म्हणून.

७ जून

ही नोंद वहीत नाही. काळ्या स्क्रीनसमोर बसून टाईप करतेय. सरांचा गृहपाठ — मनात येईल ते लिहा, मग ऐका. आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा, पण कळतोय. गट नंबर ६९ टाईप केला. तो म्हणाला, एकोणसत्तर. दहा वेळा केला. दहाही वेळा एकोणसत्तर!

मग आता सगळंच लिहून टाकते. मला दिसेनासं होतंय. सोमवारी कोर्ट उघडेल, कसं निभावेल माहीत नाही. सकाळी डोळे उघडायची भीती वाटते. सासूबाईंना हे कळता कामा नये. त्यांना कळलं की दिरांना कळणार, आणि मग सगळं संपलं. बिचाऱ्यांना काही पत्ता नाही.

सासूबाई भाजीला गेल्यात. आता ऐकते.

८ जून

काल हेडफोन लावायला विसरले. सासूबाई दारात, हातात भाजीची पिशवी. मी बटणं चाचपत राहिले आणि तो वाचत राहिला, पार "काही पत्ता नाही"पर्यंत.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मग साखरंच्या डब्याला रबर मी कुनासाठी बांधलं? दोन वरीस झाले, पायरीला चुना वढते. तुझ्या दिराला एक शब्द बोलले नाय."

मग शेजारी येऊन बसल्या. "त्याला म्हनाव, परत वाच. पहिल्यापासून."