मोकळ्या केसांचं दुखणं

४ मे

पोचले एकदाची! बोटीत माझा नवरा उएलेसे सारखा ओकत होता, मी एकदाही नाही. बेटावर जन्मलेल्या माणसाला समुद्र लागतो म्हणून गावापर्यंत बसमध्ये मी त्याला चिडवत आले. सासूबाई दारात उभ्या होत्या असं लिहिणार होते, पण दार आहे कुठे? आपिया शहरातलं आमचं घर विटांचं होतं. इथे नुसते खांब, वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा. कोण रडतंय, कोण दुसऱ्यांदा वाढून घेतंय, सगळं रस्त्यावरून दिसतं. सासूबाईंना सगळे तिना म्हणतात, म्हणजे आई, म्हणून मीही तिनाच म्हणते.

नणंद फिलोईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दादा, ही बाहुली उमूच्या भट्टीतले तापलेले दगड उचलणार? कपाटात ठेव हिला, धूळ बसेल!" इथे बहिणीचा मान बायकोपेक्षा मोठा, तेव्हा मी मुकाट हसले. डुकराचं मांस, तारोचे कंद, नारळाच्या दुधातली पानं. पोट फुटेस्तोवर जेवले.

आपियाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, डोकं दुखेल तेव्हा काय दिसलं, काय झालं ते लिहीत जा. पण आज काहीच दुखत नाही, म्हणून आनंदच लिहिते.

११ मे

काम शिकतेय. दगड उचलले, एकच बोट भाजलं. फिलोई म्हणाली, "नऊ उरली की!" आणि स्वतःच कोरफडीचा गर आणून लावला. जीभ तिखट, हात मऊ अशी आहे ती.

चर्चनंतर एका मावशीने माझ्या पोटाकडे बघून विचारलं, "अजून सपाटच? उएलेसे काय नुसता तारोच लावतो का?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि मग विहिरीशी जाऊन बराच वेळ भांडी घासत बसले.

हे एकदाच लिहिते. दुसरं मूलही पोटातच गेलं तेव्हा माझं रक्त तपासलं होतं. त्यात काहीतरी आहे. अंगाचे पहारेकरी बाहेरच्या रोगांशी लढायचं सोडून घरच्यांवरच उठलेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यामुळे रक्त नको तिथे गोठतं. मूल त्यामुळेच गेलं असावं, आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं त्याचाही याच्याशी संबंध असू शकतो. अशांना तरुणपणीच झटका येण्याची भीती जास्त असते: गाठ मेंदूत अडकते, अर्धं अंग लुळं पडतं. रोज एक छोटी गोळी घ्यायची, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून खात्री करायची, आणि हात किंवा जीभ अडखळली तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

उएलेसेला यातलं काही माहीत नाही. त्याला मी देवाची इच्छा एवढंच सांगितलं. या घरी पाहुणा आला की आधी वाडवडिलांची नावं म्हणतात, कोण कोणाच्या रक्ताचं ते. तिथे नासक्या रक्ताची सून म्हणून मी कशी उभी राहू?

२९ मे

आज आलं. मासे साफ करताना डोळ्याच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखा उजेड हलायला लागला. फिलोईकडे बघितलं तर तिचा अर्धा चेहराच नाही. बोलणारं अर्धं तोंड आणि बाजूला नुसती हवा. मग कपाळ ठणकू लागलं. अशा वेळी अंबाड्याचा भारसुद्धा सोसवत नाही, केसांची मुळं दुखतात. मागच्या बाजूला जाऊन मी केस सोडले.

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजत होता. तिना धावतच आली. "केस बांध, पोरी! आत्ता? या वेळेला? डोंगरावरची बघत असते, कळत नाही तुला?" तिने स्वतःच माझे केस गोळा करून बांधले. मी म्हटलं, ऊन लागलं.

३० मे

डोंगरावरची म्हणजे कोण, ते फिलोईने सांगितलं: एका बाईचं भूत. तिला तिन्हीसांजेला केस सोडलेली तरुण बाई खपत नाही. तिनाची धाकटी बहीण अशीच केस वाळवत बसली होती. सकाळी उठली तर तोंड एका बाजूला ओघळलेलं, आणि पुढे मरेपर्यंत एक शब्द नाही. वय किती? फिलोई म्हणाली, "तुझ्याएवढीच असेल गं."

मला कळलं ते काय होतं. या घरात ते कळणारी मी एकटीच असेन, आणि मी उठून केस घट्ट बांधले.

८ जून

पुन्हा दोनदा आलं. आता कोणी मला उन्हात पाठवत नाही. तिना रोज माझ्या केसांना तेल लावून अंबाडा घट्ट बांधते. ते इतकं दुखतं की डोळ्यांत पाणी येतं. तिला वाटतं, मी भीतीने रडते. काल एक म्हातारी वैदूबाई आली, पानं चुरडून मान चोळून गेली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

उएलेसेने विचारलं, तुला खरंच वाटतं का डोंगरावरच्या बाईची नजर लागली? आत्ता सांगावं असं जिभेवर आलं होतं. मी मान डोलावली. भुताने धरलेली बाई बिचारी असते, तिच्यासाठी अख्खं गाव प्रार्थना करतं. नासक्या रक्ताच्या बाईसाठी कोण करेल? रविवारी पाद्रीबाबांनी माझं नाव घेतलं, सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले होते. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

१९ जून

गोळ्या संपल्या. दवाखाना रस्त्याच्या पलीकडे, पण तिथली नर्स तालिता म्हणजे उएलेसेची चुलतबहीण. तिच्या कानात सांगितलेलं संध्याकाळपर्यंत माडांनाही ठाऊक होतं. दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेले. तालिताने हाक मारली, "काय गं वहिनी, गोड बातमी?" मी म्हटलं, सहज आले होते. परत फिरले.

रक्त तपासायची तारीखही आली. उएलेसे म्हणाला, चल, आपियाला तुझ्या आईला भेटून येऊ. समुद्र लागत असूनही म्हणाला. मी नको म्हटलं. बरोबर आला असता तर कळलं असतं ना.

२ जुलै

कप पडला. हातात होता आणि मग नव्हता. बोटं माझी नव्हती, कुणीतरी मांडीवर आणून ठेवल्यासारखी. थोड्या वेळाने परत आली. कोणी पाहिलं नाही. चार भिंती नसलेल्या घरात कोणी पाहिलं नाही!

जीभ किंवा हात अडखळला तर त्या क्षणी. माहीत आहे मला. माहीत आहे.

४ जुलै

कालचं वाचलं. काल मी काही लिहिलंच नाही असं वाटत होतं, पण पान आहे. त्यावर सगळीकडे दगड, दगड, दगड. मला काय लिहायचं होतं?

आज उजवीकडे कोणीतरी उभं होतं. उजवीकडे जिथे हल्ली काहीच दिसत नाही, तिथेच. मान वळवली की तीही सरकते. मला ठाऊक आहे, तिथे कोणी नाही. डोळ्यांचा खेळ आहे. पण तिचे केस बांधलेले नव्हते—

६ जुलै

फिलोई माझ्या शेजारी झोपते. माझी वेणी तिच्या मुठीत. म्हणते, "येऊ दे तिला, आधी माझ्याशी गाठ आहे." दिवसभर राबून ही माझ्यासाठी जागते आणि मी हिला खोटी भीती घातली. खोटीच ना? आता मलाही—

उद्या सांगणार. आधी उएलेसेला, मग तालिताला. हसू देत. थुंकू देत.

७ जुलै

डाव्या हाताने लिहिते. वाकडं होतंय.

दुपारी पडले. उजवं नाही. हात, पाय, तोंड. तिना लाळ पुसते. वैदूबाई म्हणते डोंगरावरची सोडून चालली, जाताना ओढते तशी—

सांगायला तोंड उघडलं. रक्त म्हणायचं होतं. निघालं, "बरी आहे."

पुन्हा. "बरी आहे." दुसरं निघतच नाही. ओरडले तरी तेच. तिना रडली, हसली, देवाचे आभार. फिलोईने गालाचा मुका घेतला.

उएलेसे नाही हसला. बघत राहिला. उठला. म्हणाला, "मकेरिता, तालिताला आणू का? खरं सांग. आणू?"

हो. हो. हो.

"बरी आहे."

बसला. परत बसला खाली

सगळे प्रार्थनेला. वही उशीखाली. त्याच्या हातात देणार

उएलेसे मी बोलते ते ऐकू नको मी बरी नाही ती नाही डोंगर नाही माझं दगड माझं दगड नाही र

तालिता पळ माझं र