नमुना खोलीतला पलंग

प्रति,
मा. अधीक्षक,
अनुरक्षण व पुनर्वसन कार्यालय.

विषय : बालगृहातून बाहेर पडलेल्या एका मुलीस केंद्राच्या नमुना खोलीत झोपू देण्याबाबत.
संदर्भ : 'प्रशिक्षण साहित्याचा अनधिकृत वापर' याबाबत मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

नोटिशीस माझा खुलासा, आणि त्यासोबत एक विनंती, सादर करते.

१. वयाची अट संपल्याने बालगृह सोडावे लागलेल्या मुलामुलींना आपल्या केंद्रात एकट्याने राहायला शिकवले जाते. त्यासाठी एक नमुना खोली आहे. तीत पलंग, शेगडी, कपाट आणि भिंतीवर रंगवलेली खिडकी आहे. पलंगावर चादर घालायला मी शिकवते. त्यावर आडवे होण्यास नियमाने मनाई आहे.

२. सदर मुलीला सगळे 'मोठी' म्हणतात. बालगृहाचे स्वयंपाकघर तीच सांभाळत होती. अभ्यासक्रमाच्या शेवटी एका माणसाचे जेवण रांधण्याची परीक्षा असते. ती उत्तीर्ण झाल्यास कार्यालयाकडून राहायला खोली मिळते. मोठीने केंद्रातले सर्वांत मोठे पातेले काढले आणि ते काठोकाठ भरले. परीक्षकांनी विचारले, "एवढं कोण खाणार?" ती म्हणाली, "येतील ना सगळे." एका माणसासाठी किती तांदूळ घ्यायचे, हे तिला कधी कोणी विचारलेच नव्हते. परीक्षकांनी दोनदा वाढून घेतले आणि 'अन्नाची नासाडी. एकटीने राहण्यास अपात्र' असा शेरा मारला. वर्गातले सगळे जेवून पातेले रिकामे झाले होते, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिले. शेरा बदलत नाही, असे उत्तर मिळाले.

३. पुनर्परीक्षेसाठी उमेदवाराने स्वतःच्या खोलीत काही महिने स्वयंपाकाचा सराव केल्याचा दाखला लागतो. खोली उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. याबाबत मी आपल्या कार्यालयात तोंडी विचारणा केली असता, "मॅडम, नियम दोन्ही बरोबर आहेत," असे सांगण्यात आले. तेव्हापासून मोठी बसस्थानकाच्या बाकावर झोपते. सकाळी तोंड धुऊन वर्गाला येते आणि चादरीचे कोपरे दुमडण्याचा सराव करते. बाकावर झोपणाऱ्या मुलीला पलंग आवरायला शिकवताना मी तिच्याकडे बघायचे टाळते.

४. मागच्या आठवड्यात तिला ताप होता. वर्ग सुटल्यावर ती नमुना खोलीत मागे राहिली. मला ते ठाऊक होते. मी कुलूप लावले नाही. सकाळी पहारेकरीकाकांना संशय आला, तो पलंग विस्कटला होता म्हणून नव्हे, तर मी घालते त्यापेक्षा चादर नीट घातली होती म्हणून. त्यांनी आपल्याला कळवले, ते त्यांचे कामच आहे. तेव्हापासून बिचारे माझ्याशी बोलत नाहीत.

५. साहित्याचा वापर अनधिकृत होता, हे मला मान्य आहे. गैरवापर झाला, हे मान्य नाही. त्या रात्री पलंगावर एक आजारी मुलगी झोपली; त्यासाठीच पलंग असतो.

६. मोठीचा ताप उतरला आहे, खोकला राहिला आहे. बसस्थानकावर आता रात्री बाके उचलून ठेवतात. तरी पुनर्परीक्षेपर्यंत तिला नमुना खोलीत राहण्याची परवानगी द्यावी. तिथल्या शेगडीवर ती रोज एका माणसाचा स्वयंपाक करील आणि दाखला मी देईन. काल तिला वाटीने तांदूळ मोजायला शिकवले. एक वाटी पातेल्यात टाकून ती बराच वेळ पातेल्यात बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, हे फारच एकटं दिसतंय." तरी तिने ते शिजवले.

७. नमुना खोलीची किल्ली खुलाशासोबत जमा करावी, असे नोटिशीत म्हटले आहे. त्याबाबत सोबतच्या यादीतील दुसरी नोंद पाहावी. पुढील कारवाई माझ्यावर व्हावी, तिच्यावर नाही.

आपली नम्र,
(सही)
जीवनकौशल्य प्रशिक्षिका
दिनांक : नोटिशीच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत :
१. परीक्षकांच्या शेऱ्याची प्रत.
२. नमुना खोलीची किल्ली : जोडलेली नाही. मोठीकडे आहे.