जिन्सनचा आकडा

११ जुलै

सोळाशे चाळीस! जिन्सनचा आकडा. माझा चारशे दहा.

होड्यांच्या शर्यतीआधी सराव शिबिरात आम्हा वल्हेकऱ्यांचं रक्त तपासलं, त्यात पुरुषी हार्मोनही मोजलं. आणि वर्क्कीच्चनने — आमच्या कप्तानाने — जेवताना सगळ्यांसमोर आकडे वाचले. कशाला? "रेडा आहे रे हा!" जिन्सनच्या पाठीत थाप. लगेच पहिला बाकही त्याला. पहिल्या बाकाच्या लयीवर अख्खी होडी चालते. दोन वर्षं तो बाक माझा होता. आता मी तिसऱ्यावर.

त्या बाकापायीच दोन वर्षं टिकलो इथे. कोल्लमचा ट्रॉलर, पेट्रोल पंप, चर्चचा बँड — कुठे चार महिनेही राहिलो नव्हतो.

१४ जुलै

जिन्सन तिघांचा उकडलेला कप्पा-कंद आणि मासे एकटा खातो, तरी वाळतच चाललाय. हात थरथरतात. पोरं म्हणतात, "ताकद मावत नाही अंगात!" माझे थरथरले असते तर म्हणाले असते, ताडी चढली.

कालव्यावर आंघोळीला आम्ही सगळे उघडे, हा गंजीत! लाजणंही शोभतं त्याला. डोकं फिरतं माझं.

१५ जुलै

आज त्याने माझ्याकडे बघून हसून हात केला. मी केला नाही.

१९ जुलै

बदकांची अंडी आणायला मीच जातो. शिबिरात डांबून घेणं जमत नाही. वाटेत बदकांचा थवा कालवा ओलांडत होता, अर्धा तास बघत बसलो. मग लॅबवाल्या रेमणी चेचीने — रेमणीताईने — हाक मारली.

"त्या जिन्सनला पाठव रे! फोन लागत नाही." कसा लागेल? शिबिरात सगळ्यांचे फोन वर्क्कीच्चनच्या पत्र्याच्या पेटीत. थायरॉईडचा निकाल मागाहून आला म्हणे, फार वाढलाय.

"पण त्याचा आकडा तर सोळाशे!"

"अरे वेड्या, थायरॉईड जास्त झाला की रक्तातलं एक प्रोटीन वाढतं. पुरुषी हार्मोन त्यालाच चिकटून बसतं. मोजलं की आकडा मोठा, अंगाला लागतं ते नेहमीएवढंच. होडी भरून माणसं, आणि धक्क्यावर उतरतात दोघं! बायकी हार्मोन तेवढं अडकत नाही, म्हणून कधी छातीही सुजते. असाच वल्हवत राहिला तर हृदयावर येईल. आजच सांग."

येताना गाणं म्हणत आलो. लाज वाटायला हवी होती.

२० जुलै

काल बोललोच नाही. आज सांगितलं, तेही सगळ्यांच्या जेवणात. चूक केली.

"चिकटून बसलंय?" सगळे हसून लोळले. "बिनोय, तुझं कुठे चिकटलंय रे?" वर्क्कीच्चन म्हणाला, "आकड्यावर जळ हवं तर. पोराला आजार नको चिकटवूस."

खरं लिहायचं तर बोलताना माझ्या डोळ्यांपुढे बाकच होता. पण म्हणून ते खोटं होतं का?

२१ जुलै

सकाळी होडी ठेवायच्या छपरामागे जिन्सनने गाठलं. अजूनही मला चेट्टा, म्हणजे दादाच म्हणतो. "चेट्टा, चेची छातीचं काही बोलली?"

मी हो म्हटलं. त्याने इकडेतिकडे बघून गंजी वर केली. डाव्या स्तनाग्राखाली सुपारीएवढी गाठ. "हात लावू नका, दुखतं." छाती धडधडून नुसती उडत होती, लांबूनही दिसावी अशी.

गोळ्यांनी बरं होतं, म्हणालो. खरं तर मला कुठे माहीत.

"रेडा म्हणून नाचवलं मला. हे कळलं तर जन्मभर हसतील. मी जातो डॉक्टरकडे, आत्ताच जातो. पण आजाराचं पुन्हा नाव काढू नका. सांगा, बाकासाठी भांडलात, मी रागावून गेलो."

"म्हणजे मी वाईट?"

"तसेही तुम्हीच आहात ना, चेट्टा."

पहिल्या बोटीने गेला.

२२ जुलै

पहिला बाक मला. शेजारचा माझ्यापासून लांब सरकून बसला. वर्क्कीच्चन पाण्यात थुंकला. "जळून जळून हाकललंस ना पोराला?"

"हो," म्हणालो.