बाबांची पन्नास मिनिटं

प्रिय गानिश,

एकोणीस वर्षांनी बहिणीचं अक्षर पाहून तू पाकीट न उघडताच बाजूला टाकशील, अशी भीती वाटते. टाकू नकोस. मी भांडायला लिहीत नाही. मेंढ्या विकल्या आणि तू घर सोडलंस, त्या दिवशी तू आणि बाबा एकमेकांना काय बोललात, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. तुम्ही आपल्या बास्क भाषेत भांडत होतात.

गेली सहा वर्षं मी युरोपातून इथे अमेरिकेत मेंढ्या राखायला आलेल्या, आपल्या एल्को गावातल्या बास्क म्हाताऱ्यांच्या आठवणी इंग्रजीत रेकॉर्ड करते आहे. एक्केचाळीस जण झाले, त्यांतले सव्वीस आता नाहीत. बास्क क्लबात जेवायला गेले की कुणीतरी ओरडतंच, "आली बघा! हिच्याशी बोललं की माणूस वर्षभरात वर जातो." मीही हसायचे. बाबांना मात्र कितीदा विनवलं, तर म्हणायचे, "मेंढ्या होत्या, बर्फ होतं, बीन्स खाल्ले. झाली की गोष्ट!"

मार्चमध्ये त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि इतक्या वर्षांचं इंग्रजी साफ पुसलं गेलं. उरली फक्त आपली भाषा. तू डोंगरावर त्यांच्याबरोबर वाढलास; मी गावात. मेंढरांचा वास येतो म्हणून शाळेत पोरं चिडवायची, तेव्हा बाबाच आईला म्हणाले होते, "हिला तरी यातून सोडवू." आणि सोडवलं; घरात माझ्याशी फक्त इंग्रजीच बोलले. शेवटी त्यांनी पाणी मागितलं, तरी मला खुणेनंच कळायचं.

एका दुपारी त्यांनी स्वतःहून डाव्या हातानं रेकॉर्डिंगच्या मशीनकडे बोट दाखवलं. मी ते चालू केलं. पन्नास मिनिटं बोलले. मध्येच रडले. इतरांसमोर हलवते तशी मी मान हलवत राहिले, सगळं समजत असल्यासारखी. एकदा थांबून त्यांनी मला काहीतरी विचारलं आणि वाट पाहिली. मी "हो" म्हणाले. कशाला हो म्हणाले, देव जाणे.

शेजारच्या डोमेका काकांना आपली भाषा येते, म्हणून त्यांना ते ऐकवलं. पाचच मिनिटांत त्यांनी हेडफोन काढून ठेवले. "पोरी, हे माझ्या कानांसाठी नाही. ज्याचं आहे त्याला पाठव." मग टोपी उचलून घरी गेले.

बाबा मेच्या नऊ तारखेला गेले. मी तुला फोनवर तीनदा निरोप ठेवला होता. चर्चमध्ये माझ्या शेजारची जागा मी कुणाला बसू दिली नाही.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात तुझं नाव अकरा वेळा येतं. तेवढं मला ओळखता आलं. माझं एकदाही ऐकू आलं नाही. मी कितीदा ऐकलं असेन, विचारू नकोस. शेवटचे दोन महिने त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, ती मी. कदाचित मला न कळणाऱ्या एखाद्या शब्दानं ते माझ्याबद्दल बोलले असतील. तू शेवटपर्यंत ऐक. तुमच्या दोघांतलं मला काही सांगू नकोस. मी कुठे असले, तर तेवढं एक वाक्य लिहून पाठव. नसले, तर उत्तर देऊ नकोस.

तुझीच,
तेरेशा