चौदा नंबरच्या टेबलावरची दुसरी खुर्ची

बोटीवरून,
९ तारीख, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं (बोटीच्या घड्याळाप्रमाणे)

प्रिय बाईसाहेब,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे. लेकीला आणि जावयांना आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस याबद्दल तक्रार नाही. लेक म्हणाली, "आई बरी आहे बाबा, तिला जरा राहू द्या." राहू दिलं. तू लेकीकडे गेलीस त्याला काल सात आठवडे पूर्ण झाले.

तुझ्या निवृत्तीची भेट म्हणून काढलेली ही सहल रद्द होत नव्हती, म्हणून मी आलो. तुझं तिकीट माझ्या पाकिटात आहे आणि ते अजून चालतं. मी चौकशी केली. वाटेतल्या बंदरावर प्रवासी चढू शकतो, फक्त दोन दिवस आधी कळवावं लागतं. कळवलं आहे. पंधरा तारखेला बोट लेकीच्या गावाच्या धक्क्याला लागते, सकाळी आठ ते दुपारी चार. तुला दोनपर्यंत फाटकाशी यावं लागेल, फोटोचं ओळखपत्र घेऊन. हे पत्र आज पोस्टात पडलं की तेराला मिळेल.

आता बोटीवर कसं वागायचं ते. कंपनीची पुस्तिका मी दोनदा वाचली. तीत सात चुका आहेत, त्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या. जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले, ते मला कुणी शिकवलं नव्हतं, हेही शिकवावं लागलं नाही.

मोठी बॅग फाटकावर घेतात आणि ती खोलीत यायला संध्याकाळ होते. तेव्हा गोळ्या, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत असू दे. खोलीच्या भिंती लोखंडी आहेत. आपल्या स्वयंपाकघरातले चार लोहचुंबकी हूक आण, ओली छत्री अडकवायला जागा नाही. खोली मी खालच्या मजल्यावर आणि बरोबर मधली घेतली आहे, तिथे हलणं सगळ्यात कमी. घड्याळ बोटीचं मानायचं, फोनचं नाही. फोन बंदर दिसलं की वेळ बदलतो आणि माणूस तासाने चुकतो.

परवा असंच एक जोडपं धक्क्यावरून पळत आलं. शिडी उचलली होती. वरच्या कठड्यावरून लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजवू नयेत. पुस्तिकेत हे नाही, पण शिष्टाचार म्हणजे तोच.

डेकवरच्या खुर्चीवर टॉवेल टाकून न्याहारीला जायचं, असा इथे प्रकार आहे. तो करू नये. वाढून घ्यायच्या रांगेत आधी हात धुवावेत, उलट्या दिशेने शिरू नये, आणि ताटात डोंगर करू नये. दुसऱ्यांदा उठता येतं. एका संध्याकाळी सगळे नटून येतात, एक चांगला जोड वेगळा ठेव. चमचे बाहेरच्या बाजूने आत उचलत जायचे. पाव आपल्या डाव्या हाताचा.

जेवायची टेबलं ठरलेली असतात. आपलं चौदा नंबर, खिडकीपासून दुसरं. पाच खुर्च्या. एक बेकरीवाला आणि त्याची बायको, दोघंही अखंड बोलतात. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, एकट्याच फिरतात. मग मी. आणि माझ्या उजव्या हाताची खुर्ची.

एकट्या माणसाला टेबलावर 'एकटेच का?' असं विचारू नये. हाही नियम पुस्तिकेत नाही, मीच घातला आहे.

आता हे लिहायलाच हवं, नाहीतर तू आल्यावर घोटाळा होईल. पहिल्या संध्याकाळी वाढप्याने दोन पानं मांडली होती. त्याने खुर्ची मागे ओढून विचारलं, "बाईसाहेब येताहेत ना?" चार माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "तिला बोट लागली आहे."

वाटलं, एका संध्याकाळचा प्रश्न आहे. पण बेकरीवाल्याच्या बायकोने दुसऱ्या दिवशी आल्याची बिस्किटं पाठवली. वाढपी हिरवी सफरचंदं देतो. डॉक्टरीणबाईंनी तर खोलीचं दार वाजवलं. मी न्हाणीघराचा नळ सोडला आणि तिकडे तोंड करून म्हणालो, "झोप गं तू, मी बघतो कोण आहे." मग दार बोटभर उघडलं. तुझी झोपायची बाजू मी रोज सकाळी हाताने चुरगळून ठेवत होतो. काल साफसफाईवाला म्हणाला, "साहेब, ती बाजू मोडू नका. मला उगाच दुप्पट काम." आवाज चढवला नाही, नुसतं सांगितलं. तेव्हापासून मोडत नाही.

तर तू चढलीस की एक दिवस जरा थकल्यासारखी राहा. सूप थोडं घे. समुद्र लागतो, जमिनीवर पाय टेकला की बरं वाटतं, एवढंच बोल. बाकीचं मी सांभाळतो. तू आलीस तर माझी लाज राहील.

ग्रंथालयातल्या त्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही. आकडा बरोबर होता.

पंधराला फाटकाशी उभा राहीन.

तुझाच

*

बोटीवरून,
१६ तारीख, दुपार

प्रिय,

पुढे काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून एवढंच.

काल तू आलीस. अकरा वाजून वीस मिनिटांनी. तुझ्या हातात बॅग नव्हती हे मला लांबूनच दिसलं, तरी मी ओळखपत्राची चौकशी केली. तू म्हणालीस, "आधी बसू या." आपण प्रतीक्षागृहात बाकावर बसलो. माझं पत्र तुझ्या पर्समध्ये होतं, घडी माझ्याच घडीवर.

तू म्हणालीस, "पाच पानं लिहिलीत. चार पानं मी चमचा कुठला उचलायचा त्याची. एक पान मी खोटं काय बोलायचं त्याचं. यात मी कुठे आहे?"

मी म्हणालो, "तू यावीस म्हणूनच तर लिहिलं." तेव्हा तू हसलीस. ते हसू मला नको होतं.

मग मी तो आकडा काढला. काढायला नको होता. ग्रंथालयातल्या तुझ्या निरोपाच्या समारंभात तू टाकीची गोष्ट सांगत होतीस. ग्रंथालयाची पाण्याची टाकी फुटली, तेव्हा तुम्ही तिघींनी चार हजार पुस्तकं जिन्यावरून वर नेली. आणि मी तिसऱ्या रांगेतून उभा राहिलो, "नऊशे साठ." सगळे वळले. तू "हो" म्हणालीस आणि खाली बसलीस. मी बाकावरही तेच म्हणालो, की मी त्या संध्याकाळी मदतीला आलो होतो, मीच मोजली होती.

"मला माहीत आहे तुम्ही मोजली होती," तू म्हणालीस. "मी मुद्दाम चार हजार म्हणाले. पुढचं वाक्य बाकी होतं. 'आम्ही तिघी चार हजार म्हणून सगळ्यांना सांगत होतो. आमचे हे आले, ओल्या पायजम्याने रात्रभर जिन्यावर बसले आणि एकेक पुस्तक पुसून नऊशे साठ मोजून दिली. एकही हरवलं नव्हतं.' एवढंच बोलायचं होतं. सव्वीस वर्षांत तुमच्याबद्दल चार माणसांत बोलायची माझी ती पहिलीच वेळ."

 खरं तर मला रात्रभर नव्हे, पावणेदोनपर्यंत, असं म्हणावंसं वाटलं होतं. ते मी गिळलं. हे तुला कळावं म्हणून लिहितो आहे, शाबासकीसाठी नाही.

तू उठलीस. म्हणालीस, "मी येत नाही. त्या लोकांना मी आजारी आहे असंही सांगू नका. मला आजारी पाडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" मी विचारलं, घरी कधी येशील. तू म्हणालीस, "आत्ता तरी घर एकट्याचं आहे असं धरून चला." आणि पाठमोरी झालीस. चप्पल नवी होती. लेकीने घेऊन दिली असावी.

संध्याकाळी टेबलावर गेलो. बेकरीवाल्याच्या बायकोने विचारलं, "आता कसं आहे त्यांचं?" मी म्हणालो, "ती बोटीवर नाही. पहिल्या दिवसापासून नाही. ती मला सोडून लेकीकडे गेली आहे. मी खोटं बोललो."

सूप आलं होतं, कुणी चमचा उचलला नाही. मग बेकरीवाला हळूच म्हणाला, "मग ती बिस्किटं?"

"मी खाल्ली."

"सगळी?"

"सगळी. आलं जरा जास्त होतं."

त्याची बायको त्याच्याकडे वळून म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते?" आणि तिघंही हसले. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुम्ही दार बोटभर उघडलंत तेव्हाच मला कळलं होतं. बोट लागलेल्या माणसाच्या खोलीला वास येतो." मी विचारलं, मग रोज तब्येत का विचारत होतात. त्या म्हणाल्या, "तुमचीच विचारत होते."

मग त्यांनी विचारलं, ती का गेली. हा प्रश्न टेबलावर विचारण्यासारखा नाही, पण मी उत्तर दिलं. टाकी फुटल्याची गोष्ट सांगितली. तू सांगणार होतीस तशी, चार हजारांपासून, तुझ्या शेवटच्या वाक्यापर्यंत. मधे थांबलो नाही. ते वाक्य आल्यावर लोक हसले, आणि बेकरीवाल्याच्या बायकोने डोळे पुसले. तिथे नेमकं काय होतं ते मला तेव्हा दिसलं. सभागृहात ते हसू आणि ते डोळे तुला मिळणार होते. मी उभा राहून ते घालवले, आणि आकडा घेऊन घरी आलो.

त्यानंतर मी सांगितलं, की तिला हे पुरं करू न देणारा मीच.  वाढप्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आणि त्याने उजव्या हाताचं पान उचलून नेलं.

आज सकाळभर डेकवर बसलो. शेजारच्या बाईंनी दिशा चुकीची सांगितली, पूर्वेला पश्चिम म्हणाल्या. मी "हो का" म्हणालो. जमतं, पण नंतर खोलीत जाऊन नकाशा एकदा बघितला.

वीस तारखेला मी घरी पोचतो. तुला घाई नाही, हे मला समजलं. मलाही नाही असं लिहिणार होतो, पण या आठवड्यात खोटं पुष्कळ झालं.

तुझा,
जो मधे बोलला